वायफायला कुलूप हवेच. किल्ली जपून द्या

गावात जनावराला दावे असते, घराला कडी असते, खळ्यावर रास पडली की राखणीला माणूस झोपतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीलासुद्धा कुलूप लागते. घरांना दारे-कुलपे न लावण्याची शनिशिंगणापूरची प्रथा राज्यभर ठाऊक आहे, पण ती त्या गावाची. बाकीच्या गावांनी आपापल्या वस्तूंची राखण करूनच संसार केला. अशा सावध घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू आली आहे. तिला अनेक ठिकाणी कुलूपच नसते, आणि असले तर त्याची किल्ली गावभर झालेली असते. ती वस्तू म्हणजे वायफायची पेटी, म्हणजेच राउटर.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. त्याच सुमारास खासगी कंपन्या आणि केबलवाले तारा घेऊन वाड्यावस्त्यांकडे वळले. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, मुलांचे वर्ग मोबाइलवर आले आणि ज्यांना परवडले त्यांनी घरी जोडणी घेतली. आज याच वायफायवर सातबारा निघतो, महाडीबीटीवर अर्ज भरला जातो, बाजार समितीचे भाव पाहिले जातात, बँकेचे व्यवहार होतात, गोठ्यावरचा कॅमेरा चालतो. एवढी कामे ज्या पेटीतून होतात तिच्याकडे घरातले लक्ष मात्र बिल भरण्यापुरतेच असते. म्हणून तिच्या कुलपाचा विचार शेतकरी बंधू-भगिनींनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी एकदा नीट करायला हवा.

लहरींना बांध नसतो

शेताला बांध असतो, वायफायला नसतो. ही पेटी रेडिओसारख्या लहरी चारी बाजूंना फेकते. मध्ये अडथळा नसेल तर साध्या पेटीच्या लहरी शंभर-दीडशे फूट सहज जातात, मोकळ्यावर त्याहूनही पुढे. मातीच्या जाड भिंतीत त्या जिरतात, पत्र्याला धडकून परत फिरतात, पण खिडकीतून, दारातून बाहेर पडतातच. म्हणून माजघरात लावलेल्या पेटीची रेंज ओट्यावर मिळते, शेजारच्या अंगणात मिळते, कधी कधी पारावरही मिळते. संध्याकाळी एखाद्याच घराच्या भिंतीला टेकून पोरे मोबाइल घेऊन बसलेली दिसली, तर त्या घराचे वायफाय उघडे आहे किंवा त्याचा पासवर्ड फुटला आहे, एवढे ओळखावे.

तार तोडायला माणसाला तुमच्या आवारात यावे लागते. लहर पकडायला यावे लागत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसूनही तुमच्या नावाच्या जोडणीवरून कोणी काम करून निघून जाऊ शकतो आणि घरात त्याचा पत्ताही लागत नाही. पासवर्डाचे खरे महत्त्व इथेच आहे.

सन २००८ चा धडा

ही भीती नुसती कागदावरची नाही. आपल्याच राज्यात याचा मोठा अनुभव येऊन गेला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्या ई-मेलचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईत सानपाड्यातील एका भाडेकरूच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. या भाडेकरूच्या असुरक्षित राहिलेल्या वायफायचा दुसऱ्यांनीच वापर केल्याचे तपासात पुढे आले. पण ते स्पष्ट होईपर्यंत संगणक पोलिसांच्या ताब्यात गेले, चौकशीच्या फेऱ्या झाल्या, वर्तमानपत्रांत नाव झळकले.

प्रकार तेवढ्यावर थांबला नाही. २३ ऑगस्ट २००८ रोजी पुढचा ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून गेला. तीनही ठिकाणी ज्यांची जोडणी होती त्यांनी काही केले नव्हते. त्यांच्या लहरी तेवढ्या वापरल्या गेल्या. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधण्याची मोहीम हाती घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानेही इंटरनेट पुरवणाऱ्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना दिल्या.

खेड्यातल्या माणसाला वाटेल, एवढ्या मोठ्या भानगडी आपल्याकडे कशाला येतात? खरे आहे. पण छोट्या भानगडी येतात. कोणाच्या तरी नावाने खोटे खाते काढून बदनामी करणे, एखाद्या मुलीला घाणेरडे संदेश पाठवणे, निवडणुकीच्या तोंडावर तेढ वाढवणारा मजकूर टाकणे, ऑनलाइन जुगार खेळणे, फसवणुकीचे व्यवहार करणे. असा गुन्हा नोंदला की पोलीस आधी इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक काढतात आणि तो ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. ‘मी नव्हतोच तो’ हे सिद्ध करता करता पेरणीचे दिवस निघून जातात. जोडणी घेताना आधार कार्ड तुम्ही दिलेले असते, शेजारच्याने नाही.

उघड्या वायफायने काय काय बिघडते?

पहिले नुकसान ताबडतोब दिसते. अनेक योजनांत ठरावीक मर्यादेनंतर वेग कमी होतो. चार घरांची पोरे रात्रभर सिनेमे उतरवत बसली की महिन्याच्या वीस तारखेलाच तुमचे इंटरनेट रांगायला लागते. बिल भरणारा एक आणि वापरणारे दहा, असा हा कारभार होतो. पोरीचा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी अडकला की मग कंपनीला शिव्या दिल्या जातात.

दुसरे नुकसान दिसत नाही. बिनपासवर्डाच्या वायफायवर मोबाइल आणि पेटी यांच्यातले बोलणे हवेत उघड्याने चालते. जवळ बसलेला जाणकार ते ऐकू शकतो. इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार स्वतःच्या वेगळ्या कुलपात बंद होऊनच जातात. त्यामुळे वायफाय उघडे राहिले म्हणजे लगेच पिन चोरीला गेला, असे होत नाही. धोका दुसरीकडून येतो. एकाच वायफायवर जोडलेल्या वस्तू एकमेकींना दिसतात. म्हणजे आत शिरलेल्या माणसाला घरातला कॅमेरा, छपाईचे यंत्र, संगणकावरचे सामायिक ठेवलेले कागद यांच्या दारापर्यंत जाता येते. गोठ्यावर किंवा अंगणात लावलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड विकत आणला तेव्हाचाच असेल, तर घरात कोण आहे, कोण नाही, हे बाहेरच्याला बसल्या जागी कळते.

तिसरे नुकसान सर्वांत वाईट. आत शिरलेला माणूस पेटीच्याच सेटिंग्जमध्ये फेरफार करू शकतो. वाटेवरचा दिशादर्शक फलक कोणी उलटा फिरवला तर नवखा माणूस भलत्याच गावाला जातो. तसेच इथे होते. तुम्ही बँकेचे नाव टाकता आणि तशाच दिसणाऱ्या बनावट पानावर जाऊन पोहोचता. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास असे मोठ्या प्रमाणावर घडले. मोडेमच्या बनावटीतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेममधले हे दिशादर्शक बदलण्यात आले आणि लोकांना बँकांच्या खोट्या पानांवर नेण्यात आले. म्हणून पेटीला एक नव्हे, दोन कुलपे असतात हे लक्षात घ्यावे.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

पहिले कुलूप वायफायचे. मोबाइल जोडताना जो पासवर्ड मागितला जातो तो हा. दुसरे कुलूप खुद्द पेटीच्या कारभाराचे. पेटीची सेटिंग्ज उघडताना जे नाव आणि पासवर्ड लागतो तो हा. पहिले कुलूप वाड्याच्या दिंडीदरवाजाचे म्हटले तर दुसरे आतल्या तिजोरीचे.

घोटाळा असा होतो की दिंडीदरवाजा बंद करतात आणि तिजोरी तशीच राहते. अनेक पेट्यांवर कारखान्यातून येतानाच नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असा असतो. ही माहिती कोणालाही मिळते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर असेच काबीज केले. त्याच्याजवळ कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. ती एकामागून एक लावून पाहायची, एवढेच त्याचे काम. त्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या अनेक नामांकित संकेतस्थळांचा कारभार काही तास विस्कळीत झाला. ज्यांचे कॅमेरे या कामाला जुंपले गेले त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

कुलूप कोणत्या जातीचे आहे ते बघा

बी-बियाण्याला जसे वाण असतात तसे वायफायच्या कुलपालाही आहेत. १९९७ पासून आलेले ‘डब्ल्यूईपी’ हे पहिले. त्यातले दोष २००१ मध्येच उघड झाले आणि आज ते काही मिनिटांत उघडते. पासवर्ड कितीही मोठा ठेवला तरी उपयोग नाही. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आले, ती तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आले, ते आजही कामाचे आहे. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आले, ते त्याहून पक्के.

पेटीच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी’ या शब्दापुढे यांपैकी एक नाव लिहिलेले दिसते. तिथे ‘डब्ल्यूपीए-३’ मिळत असेल तर ते निवडावे. घरात जुने मोबाइल असतील आणि ते जोडले जात नसतील तर ‘डब्ल्यूपीए-२’ आणि ‘३’ दोन्ही चालणारा पर्याय घ्यावा. नुसते ‘डब्ल्यूपीए-२’ असेल तर त्यापुढे ‘एईएस’ हा पर्याय ठेवावा. ‘ओपन’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ दिसले तर त्याच दिवशी बदलावे. पेटी इतकी जुनी असेल की तिच्यात यापुढचे काहीच नाही, तर इंटरनेट देणाऱ्याकडे नवी पेटी मागावी.

मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे

जोडणी द्यायला आलेला मुलगा घाईत असतो. ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ असे तो विचारतो आणि काका म्हणतात, ‘ठेव की आपला मोबाइल नंबर, लक्षात राहतोय.’ नाहीतर तो स्वतःच घरमालकाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन टाकून मोकळा होतो. मोबाइल नंबर तर अख्ख्या गावाला पाठ असतो. तो ट्रॅक्टरवर लिहिलेला असतो, दुकानाच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेवर असतो.

नंबर माहीत नसला तरी फार अडत नाही. ‘डब्ल्यूपीए-२’च्या कुलपात एक उणेपणा आहे. जवळ येऊन जोडणीच्या वेळच्या लहरी एकदा नोंदवून नेल्या की पुढचे काम घरी बसून करता येते. संगणक एकेक पासवर्ड लावून पाहत राहतो आणि तुमच्या पेटीला त्याची चाहूलही लागत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी असतात. म्हणजे सारे मिळून ४०० कोटी शक्यता. माणसाला हा आकडा डोंगराएवढा वाटतो, पण ताकदीचा संगणक तो काही तासांत संपवतो. इस्रायलमधील तेल अवीव शहरात एका सुरक्षा संशोधकाने २०२१ मध्ये हे करून दाखवले. त्याने शहरात फिरून सुमारे ५,००० वायफायच्या लहरी नोंदवल्या आणि त्यांतल्या ३,५०० हून अधिक पासवर्ड शोधून काढले. त्यांपैकी सुमारे २,२०० पासवर्ड हे मोबाइल नंबरच होते. सवयी तिथल्या आणि इथल्या सारख्याच.

वाहनाचा क्रमांक, मुलाचे नाव, जन्मसाल, गावाचे नाव, कुलदैवताचे नाव, जयघोष, हे सगळे त्याच माळेतले मणी. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो. आठवर थांबू नये. पंधरा-वीस अक्षरांचा ठेवावा.

मोठा पासवर्ड लक्षात कसा राहायचा? त्याला सोपा उपाय आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द निवडावेत आणि ते इंग्रजी लिपीत जोडून लिहावेत. उदाहरणार्थ, ‘कणगी’, ‘सायकल’, ‘चिंच’, ‘मंगळवार’. मध्ये एखादा आकडा घालावा. असा पासवर्ड घरातल्या आजीलाही सांगता येतो, आणि संगणकाला मात्र तो शोधायला फार जड जातो. शब्द मनात पहिल्यांदा आलेले नसावेत, डोळे मिटून वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवून निवडलेले बरे. वर दिलेले शब्द छापून आले आहेत, म्हणून ते कोणीच वापरू नयेत.

अर्ध्या तासाचे काम

घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला सोबत घेऊन पुढील कामे एका बैठकीत उरकता येतात.

१. पेटी उलटी करून तिच्यावरची चिठ्ठी वाचावी. तीवर पेटीचा पत्ता, नाव आणि पहिला पासवर्ड असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. मोबाइल त्याच वायफायला जोडून, ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की पेटीचे पान उघडते. काही कंपन्यांचे यासाठी स्वतंत्र अ‍ॅपही असते.

२. सर्वांत आधी तिजोरीची किल्ली, म्हणजे पेटीच्या कारभाराचा पासवर्ड बदलावा. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा.

३. वायफायचे नाव बदलावे. नावात आडनाव, घर क्रमांक, मोबाइल नंबर घालू नये. कारखान्याचे नाव तसेच ठेवले तर पेटी कोणत्या बनावटीची हे बाहेरच्याला कळते. साधे, ओळख न देणारे नाव ठेवावे.

४. कुलपाचा वाण वर सांगितल्याप्रमाणे निवडून नवा पासवर्ड घालावा.

५. ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्यासाठी ती असते. हा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागच्या दाराला सुतळी, असा हा प्रकार.

६. बाहेरगावाहून पेटी चालवण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, चालू असल्यास बंद करावी. पेटी कंपनीची असेल तर त्यांना विचारून करावी.

७. ‘अपडेट’ किंवा ‘फर्मवेअर’ असे लिहिलेले असेल तिथे नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे. २०१७ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’मध्येही एक त्रुटी सापडली होती. ती अशा दुरुस्तीनेच बुजवली गेली. मोबाइललाही अपडेट द्यावे.

८. जोडलेल्या वस्तूंची यादी पाहावी. घरात चार मोबाइल आणि एक टीव्ही असताना यादीत अकरा नावे दिसली तर काय ते समजावे. पासवर्ड बदलला की सगळे पाहुणे एकदम बाहेर पडतात. मग घरचे तेवढे पुन्हा जोडून घ्यावेत.

वायफायचे नाव लपवून ठेवले की झाले, असे काही जण सांगतात. त्यावर विसंबू नये. लपवलेले नाव जाणकाराला सापडतेच.

पासवर्ड विसरला तर पेटीच्या मागे टाचणीएवढ्या भोकात बटण असते. ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की पेटी कारखान्यातून आली तशी होते. पण फायबरच्या पेटीत असे केल्यास जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते आणि इंटरनेटच बंद पडते. म्हणून आधी जोडणी देणाऱ्याला फोन करावा. याच कारणाने पेटी लहान मुलांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. रस्त्याकडच्या खिडकीत न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावी. घरात रेंज चांगली मिळते आणि बाहेर कमी सांडते.

शेजारधर्माचे काय?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, गावात असे वागता येते होय? ‘तात्या, रिचार्ज संपलंय, जरा पासवर्ड द्या की’ म्हणत शेजारचा पोरगा दारात उभा राहिला तर नाही कसे म्हणायचे? पाणी मागितले तर आपण तांब्या पुढे करतो. वायफायला नाही म्हटले तर माणूस तुसडा ठरतो. ही अडचण खरी आहे आणि शहरातल्या पुस्तकांत तिचे उत्तर सापडत नाही.

पण पाणी देणे आणि विहिरीची किल्ली देणे यांत फरक आहे. पासवर्ड एकदा दिला की तो त्या मोबाइलमध्ये साठून राहतो. आजच्या मोबाइलमधून चौकोनी कोड दाखवून तो दुसऱ्याला देणे क्षणाचे काम आहे. म्हणजे एकाला दिलेला पासवर्ड संध्याकाळपर्यंत दहा जणांकडे गेलेला असतो, आणि देणाऱ्याने विचारलेलेही नसते.

यावर चांगला तोडगा पेटीतच आहे. बहुतेक नव्या पेट्यांत ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय काढता येते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात येत नाही, तशी ही व्यवस्था. त्याला इंटरनेट मिळते, पण तुमचा कॅमेरा, संगणक, छपाईचे यंत्र दिसत नाही. लग्नकार्य, बारसे, जत्रा झाली की तेवढा पासवर्ड बदलावा किंवा ते बंद करावे. घरच्या मोबाइलांना धक्का लागत नाही. काही पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगाची मर्यादाही घालता येते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुण्याच्या वायफायवरून केलेले कामही बाहेर तुमच्याच जोडणीच्या नावाने जाते. त्यामुळे ओळखीच्यालाच, गरजेपुरतेच द्यावे. शेजारच्या मुलीला फॉर्म भरायचा असेल तर तिला समोर बसवून भरू द्यावा. नेहमी लागणाऱ्याला स्वतःची जोडणी घेण्याचा सल्ला देण्यात काही वावगे नाही.

बिनपरवानगीने दुसऱ्याच्या वायफायमध्ये शिरणाऱ्या तरुणांनीही हा खेळ समजू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा जाळ्यात अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा आडवा आला तर पश्चात्तापाचा उपयोग नसतो.

ग्रामपंचायत आणि शाळेचे वायफाय

घरातल्या पेटीत एका कुटुंबाचे हित असते, ग्रामपंचायतीच्या पेटीत गावाचे. तिथे दाखले निघतात, कराच्या नोंदी होतात, ई-ग्रामस्वराजवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) यांच्या डिजिटल स्वाक्षरीने निधी अदा होतो. अशा कार्यालयात वायफायचा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला किंवा संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेला असेल, तर तो गावाचा गलथानपणा ठरतो.

कार्यालयाच्या कामाचा संगणक आणि लोकांसाठीचे वायफाय वेगळे असावे. शक्य असेल तिथे कामाचा संगणक तारेनेच जोडावा. डिजिटल स्वाक्षरीची पेनड्राइव्हसारखी किल्ली काम संपताच काढून कपाटात ठेवावी आणि ती ज्याची त्याने वापरावी. परिचालक बदलला, अधिकाऱ्याची बदली झाली, तर दप्तराचा चार्ज देता-घेताना पेटीचा पासवर्डही बंद पाकिटात द्यावा आणि नव्या माणसाने तो लगेच बदलावा. चार्जच्या यादीत त्याची एक ओळ वाढवायला पैसे लागत नाहीत.

ग्रामस्थांना मोफत किंवा स्वस्त वायफाय द्यायचेच असेल तर त्यासाठी रीतसर वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. तीत किराणा दुकानदार, चहावाला किंवा गावातला कोणीही विनापरवाना, विनाशुल्क सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. वापरणाऱ्याची ओळख मोबाइल नंबरावरून पटवली जाते, त्यामुळे कोणी काय केले याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे राहते. सगळ्या गावाने एका पासवर्डावर बसण्यापेक्षा ही पद्धत केव्हाही बरी.

जिल्हा परिषदेच्या शाळांतही हाच नियम लावावा. मुख्याध्यापकांनी शिक्षकांचे वायफाय आणि मुलांचे वायफाय वेगळे ठेवावे, आणि सुट्टीत पेटी बंद करावी. रात्री शाळेच्या भिंतीपाशी कोणाची बैठक भरते हे गावाला माहीत असतेच.

काही घडलेच तर

आपल्या वायफायवरून भलते काम झाल्याचा संशय आला तर घाबरून पेटी पुसून टाकू नये. जोडलेल्या वस्तूंच्या यादीचे मोबाइलवर चित्र काढून ठेवावे, तारीख-वेळ लिहावी, मग दोन्ही पासवर्ड बदलावेत आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही करता येते. सोबत बँकेलाही कळवावे.

सरपंचांना एक सुचवावेसे वाटते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना गाव जमतेच. त्यांतल्या एका सभेत पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. गावातल्या संगणक शिकलेल्या दोन-चार मुलामुलींना पुढे करून ज्यांना जमत नाही त्यांच्या पेट्यांचे पासवर्ड बदलून द्यायला सांगावे. मुलांनी पेटीचे पान उघडून द्यावे, पासवर्ड मात्र घरमालकाने स्वतःच्या हाताने टाकावा.

दोन्ही पासवर्ड वहीच्या पानावर लिहून ते पान सातबारा आणि बँकेच्या पासबुकासोबत कपाटात ठेवावे. भिंतीवर लिहू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत पेटीवरची धूळ झटकताना, ते बदलून टाकावेत.